गावाकडच्या प्रेशरच्या गोळ्या मुंबईहून बंद करणाऱ्यांना खुले पत्र

मुंबईत, पुण्यात, गोव्यात, दुबईत आणि आणखी कुठे कुठे राहून रोज संध्याकाळी गावाला फोन करणाऱ्या लेकी-लेकांनो,

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या एका बाजारपेठेच्या गावात माझं मेडिकल आहे. सव्वीस वर्षं झाली. तुमच्यापैकी कित्येकांना मी फक्त आवाजाने ओळखतो. आई काउंटरवर उभी असते, तुमचा फोन येतो आणि ती तो सरळ माझ्या हातात देते, "तुमीच सांगा माझ्या झिलाक." तुमच्या आईवडिलांच्या चिठ्ठ्या मला पाठ आहेत. कुणाची टेल्मिसार्टन चाळीसची, कुणाची ॲम्लोडिपिन पाचची, कुणाला दोन्ही आणि वर पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. म्हणून हे पत्र लिहायचा थोडा हक्क माझाही आहे असं धरून चालतो.

विषय एकच. ताप-खोकल्याची साथ आली की तुम्ही फोनवरून त्यांची प्रेशरची गोळी थांबवता. ते थांबवू नका.

मार्च २०२० मध्ये, जनता कर्फ्यूच्या दोन-तीन दिवस आधी, एक मावशी दुकानात आल्या. साठी उलटलेल्या, वाडीतून चालत आलेल्या. पदराच्या गाठीतून टेल्मिसार्टनचा पत्ता काढून काउंटरवर ठेवला. दहातल्या दोन गोळ्या खाल्लेल्या, आठ शिल्लक. म्हणाल्या, "शेटनू, ह्यो पत्तो परत घेवा. झिलान मुंबयसून फोन केल्यान. ही गोळी खाल्ली तर कोरोना लवकर धरता म्हणता." फोडलेला पत्ता परत घेता येत नाही एवढंच मी त्यांना सांगितलं. ‘गोळी चालू ठेवा’ असं ठामपणे सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारा म्हणालो, आणि तेव्हा आमच्याकडचे अर्धे दवाखाने बंद होते हे मला ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. तोच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला होता आणि घरी वडिलांची गोळी मी स्वतः चार दिवस थांबवली होती. मेडिकलवाला असून. पाचव्या दिवशी एका ओळखीच्या एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांची निवेदनं पाठवली. युरोपातल्या संघटनेचं १३ मार्चचं, अमेरिकेतल्या तीन संघटनांनी मिळून काढलेलं १७ मार्चचं. दोन्हींत एकच म्हणणं होतं: ही औषधं बंद करण्याइतका पुरावा नाही, रुग्णांनी ती चालू ठेवावीत. वडिलांना त्याच रात्री गोळी दिली. त्या मावशींपर्यंत मात्र निवेदन पोचलं नाही. ते इंग्रजीत होतं, आणि मेसेज मराठीत.

मे महिन्यात तुम्ही मंडळी पास काढून गावी येऊ लागलात. मावशींचा मुलगाही आला आणि शाळेत क्वारंटाइन झाला. त्याचा डबा शाळेच्या फाटकाशी ठेवून परत जाताना त्या माझ्या बाकावर टेकल्या. मी मशीन लावलं. १९६ वर, १०८ खाली. दोन मिनिटांनी पुन्हा लावलं, फारसा फरक नाही. मी आकडे सांगितले तर हसल्या. "माका तर कायच होणा नाय." डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, उन्हातून चालून आल्या होत्या आणि घरी जाऊन मासे साफ करायचे होते. डॉक्टरांना फोन लावून गोळी तिथेच सुरू केली. त्यांना पुढे काही झालं नाही, अजून येतात. पण त्याच पावसाळ्यात गोळ्या सोडलेल्या आणखी एका गृहस्थांना अर्धांगवायू झाला. गोळी सोडली म्हणूनच झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ते डॉक्टरांनीही म्हटलं नाही. मला तो पत्ता आठवतो, एवढंच.

तो मेसेज हवेतून आला नव्हता, हे मात्र मानलं पाहिजे. आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन-२ नावाचं रसायन असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, दाब वाढवतं. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या गोळ्या, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, हे रसायन कमी तयार होऊ देतात. ज्यांच्या शेवटी ‘सार्टन’ येतं त्या, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, त्याला जागेवर बसू देत नाहीत. याच यंत्रणेत एसीई-२ नावाचं एक प्रथिन अँजिओटेन्सिन-२ मोडून टाकायचं काम करतं. २००३ मध्ये गाजलेल्या सार्सच्या विषाणूने पेशीत शिरताना याच प्रथिनाची कडी वाजवली होती, आणि कोविडच्या विषाणूनेही तीच वाजवली. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत या गोळ्यांनी एसीई-२ वाढलेलं दिसलं होतं. या दोन गोष्टी जोडून ११ मार्च २०२० ला ‘लॅन्सेट’च्या श्वसनविकारांच्या नियतकालिकात तीन संशोधकांनी शंका मांडली: या गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त तर नसेल? ती शंका होती, शोध नव्हता. आपल्याकडे येईतो तिचं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ झालं.

गंमत म्हणजे त्याच टिपणात ॲम्लोडिपिनच्या जातीच्या गोळ्यांचा उल्लेख पर्याय म्हणून होता. माझ्याकडे लोकांनी ॲम्लोडिपिनही सोडली. प्रेशरची म्हटली की सगळी एकच.

शिवाय त्याच जीवशास्त्रातून अगदी उलटं अनुमानही निघत होतं. विषाणू एसीई-२ अडवून बसला तर अँजिओटेन्सिन-२ मोडायला कुणी उरत नाही, ते साचतं, फुप्फुसाला इजा करतं. मग ते रोखणारी गोळी फायद्याचीच नाही का ठरणार? उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत याला थोडा आधारही होता. म्हणजे कागदावर गोळी विषही ठरत होती आणि अमृतही. अशा वेळी हुशारीचा उपयोग नसतो. माणसांवर, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, तपासून बघावं लागतं.

ब्राझीलमध्ये ते केलं. कोविडमुळे दवाखान्यात दाखल झालेले, पण फार गंभीर नसलेले आणि आधीपासून या गोळ्या घेणारे ६५९ रुग्ण. त्यांतल्या ३३४ जणांची गोळी ३० दिवस थांबवली, ३२५ जणांची चालू ठेवली. कुणाची थांबवायची हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं. महिन्याभरात दोन्हीकडे नऊ-नऊ माणसं गेली. जिवंत राहून घरी काढलेले दिवस मोजले तर थांबवलेल्यांचे सरासरी २१.९ आणि चालू ठेवलेल्यांचे २२.९, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. जानेवारी २०२१ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात छापून आलं. सात देशांतल्या २० रुग्णालयांत १५२ जणांवर असाच आणखी एक प्रयोग झाला, त्यातही फरक दिसला नाही.

सगळं इतकं गुळगुळीत नाही, तेही सांगतो, नाहीतर उद्या तुम्हीच मला दुसरी लिंक पाठवाल. ऑस्ट्रिया-जर्मनीत २०४ जणांवर झालेल्या प्रयोगात, जिथे रुग्ण बरेच वयस्कर होते, गोळी थांबवलेल्यांची तब्येत जरा लवकर सावरली असं दिसलं. आजार किती टोकाला गेला यात मात्र फरक नव्हता. आणि अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांना ही औषधं उपचार म्हणून नव्याने सुरू करून पाहिली, तेव्हा फायदा तर नाहीच, उलट नुकसानाची चिन्हं दिसली. म्हणून आई दाखल असताना तिथल्या डॉक्टरांनी ‘आता ही गोळी नको’ म्हटलं तर हे पत्र दाखवून त्यांच्याशी भांडू नका. त्यांच्यासमोर तिचा दाब आणि तिच्या किडनीचे रिपोर्ट असतात. तुमच्यासमोर मोबाइल असतो.

‘अमृत’वाली बाजूही तपासून झाली आणि त्यात आपलीच माणसं होती. क्लॅरिटी नावाच्या प्रयोगात ७८७ रुग्ण होते, बहुतेक सगळे भारतातले, थोडे ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना मुख्यतः टेल्मिसार्टन दिली, चाळीस मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या मागच्या फळीवर पडून असते तीच. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२२ मध्ये निकाल आला: कोविडवर तिचा उपयोग दिसला नाही. थोडक्यात, ही गोळी विषाणूला बोलवत नाही आणि हाकलतही नाही. ती प्रेशरची गोळी आहे.

एक प्रकरण मला फार शिकवून गेलं. १ मे २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये या विषयावर तीन शोधनिबंध एकदम आले. एक इटलीच्या लोम्बार्डीतला, कोविडच्या ६,२७२ रुग्णांचा. एक न्यूयॉर्कचा, तपासणी झालेल्या १२,५९४ जणांचा. आणि तिसरा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीच्या माहितीवरचा. तिघांचाही सूर ‘घाबरू नका’ असाच होता. तिसऱ्याने तर ‘प्रिल’ घेणारे कमी दगावले असंही दाखवलं होतं. मला तो वाचून इतका आनंद झाला होता की प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवणार होतो. ४ जूनला तो मागे घेतला गेला. मूळ माहिती खरी आहे की नाही हेच कुणाला तपासता येईना. पहिले दोन टिकले. तेव्हापासून माझ्या मनासारखी बातमी आली की मी ती जरा जास्त वेळ तशीच ठेवतो, मग कुणाला पाठवतो.

तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, फोनवर शंभरदा आलाय: मग प्रेशरवाले जास्त का दगावले? अहो, दगावलेल्यांत केस पिकलेलेही जास्त होते. केस पांढरे होणं हा काही आजार नव्हे. वय वाढलं की प्रेशरही वाढतं, साखरही, किडनीही थकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१.३ टक्के जणांचा दाब वाढलेला किंवा औषधावर होता. साठीच्या पुढे तर हे प्रमाण कितीतरी जास्त. त्यातून गोळीचा दोष वेगळा काढायचा तर वरचे प्रयोग करावे लागतात, ते झालेत.

आता कोविड मागे पडला, पण मेसेज मागे पडलेला नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूच्या बातम्या आल्या, जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या, आणि दोन्ही वेळा तीच जुनी सूचना विषाणूचं नाव बदलून माझ्या काउंटरवर आली. हे विषाणू एसीई-२ च्या कडीला हातही लावत नाहीत. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या वेगळ्याच, साखरेसारख्या रेणूला चिकटतो. म्हणजे मूळ शंका खरी धरली, तरी इथे ती लागूच होत नव्हती.

खरी काळजी करायची तर फ्लूत प्रेशर आणि हृदयाची करा. कॅनडातल्या ओंटारिओमधला २०१८ साली छापलेला एक अभ्यास आहे. ज्यांना फ्लू झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं, त्यांना पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण, त्यांच्याच बाकीच्या दिवसांच्या तुलनेत, सहापट होतं. ज्या आठवड्यात हृदयावर सगळ्यात जास्त ताण असतो, नेमकं त्याच आठवड्यात आपण दाबाची गोळी काढून घेतो! त्यात कुणाला मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल आणि ती एकदम तोडली, तर हृदयाची धडधड आणि दाब दोन्ही उसळी मारतात. ती तर डॉक्टरसुद्धा हळूहळू कमी करत आणतात.

आणि गोळी बंद करून तुम्ही त्यांना काय घ्यायला सांगता? "अंग दुखतंय तर एक पेनकिलर घे, नाक बंद आहे तर सर्दीची गोळी घे." आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी दाब वाढतो आणि प्रेशरच्या गोळीचा जोर कमी होतो. ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’, पाण्याची गोळी आणि वर पेनकिलर हे तीन एकत्र आले तर किडनीवर संकट येऊ शकतं, त्यात माणूस तापाने सुकलेला. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळणारं; आणि तोंडाने घेतल्यावर नाक मोकळं करायला ते कामाचंच नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल पुरते. माझा धंदा कमी होतो, पण पुरते.

खोकल्याची एक हकिकत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिथे गोळीच खरी गुन्हेगार होती. २०२१ च्या लाटेत एका काकूंना कोरडा खोकला लागला. ताप नाही, कफ नाही, घशात सतत खवखव, रात्री जास्त. घरच्यांनी त्यांना पडवीत वेगळं झोपवलं, ताट-वाटी वेगळी, नातवाला जवळ जाऊ देईनात. तीनदा स्वॅब दिला, तिन्ही निगेटिव्ह. तरी मुलगी फोनवर म्हणे, अजून पंधरा दिवस पडवीतच राहा. दोन महिने कफ सिरपच्या बाटल्या नेल्या माझ्याकडून. एकदा त्यांचा नवरा नवीन चिठ्ठी घेऊन आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: रामिप्रिल, साथीच्या जरा आधी सुरू केलेली. ‘प्रिल’च्या गोळ्यांनी काही जणांना असा सुका खोकला लागतो, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी घोकायला लावलं होतं आणि मी दोन महिने सिरप विकत होतो. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलून ‘सार्टन’ दिली. महिन्याभरात काकू पडवीतून आत. तिथेसुद्धा गोळी बदलली, बंद केली नाही, हे लक्षात घ्या.

गोळी खरोखर थांबवावी लागते असा एक प्रसंग घरी येऊ शकतो, आणि त्याबद्दल मेसेज कधी येत नाही. तापाबरोबर उलट्या-जुलाब लागले, पाणी पोटात ठरत नाही, लघवी कमी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मशीनवर वरचा आकडा शंभराच्या खाली गेलाय. अशा वेळी ‘सार्टन’, ‘प्रिल’ आणि पाण्याची गोळी एक-दोन दिवस थांबवायला डॉक्टर सांगू शकतात, आणि खाणं-पिणं सुरळीत झालं की पुन्हा सुरू करतात. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पुन्हा कधी सुरू करायची हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं, कारण थांबवलेली गोळी आपोआप सुरू होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून "जेवलंस काय गे?" याच्या पाठोपाठ "पाणी ठरतं का, लघवीला होतं का, आज आकडा किती?" एवढं विचारा. जेवलंस म्हटल्यावर ती नेहमीच हो म्हणते, त्याला अर्थ नाही.

पत्त्यातल्या गोळ्या किती उरल्यात तेही विचारा. पावसात दरड कोसळली, घाट बंद झाला, नदीचं पाणी साकवावरून गेलं की आमची माणसं गोळी एक दिवसाआड करून पुरवतात. तुम्हाला सांगत नाहीत, उगाच काळजी नको म्हणून. आपला जिल्हा २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या काही जिल्ह्यांतला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून गोळ्या फुकट मिळतात. तिथून घेतात की माझ्याकडून, हा मुद्दा नाही. जूनच्या आधी घरात पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा असू द्या. फ्लूच्या लशीबद्दलही त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. ती दर वर्षी घ्यावी लागते, पैसे खिशातून जातात, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून पावसाच्या आधी.

गणपतीला तर तुम्ही येणारच. तुडुंब गाडीतून, नाक गळत, ‘काही नाही, एसीने झालंय’ म्हणत. दर वर्षी विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे पॅरासिटामॉलची नवी पेटी फोडावी लागते. येऊ नका असं कसं म्हणू? पण नाक गळत असेल तर पहिले दोन-तीन दिवस मास्क लावा आणि आजीच्या खाटेवर बसून गप्पा मारू नका, ओटीवरून मारा.

येताना बीपीचं मशीन आणा. दंडाला बांधायचं; मनगटाचं नको, त्याचे आकडे हात कसा धरला त्यावर हलतात. घरी आलात की आईला पाच मिनिटं स्वस्थ बसवून लावा. त्या पाच मिनिटांत ती तीनदा उठून चुलीकडे जाईल, तेव्हा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आकडा वहीत लिहा, तारखेसकट, आणि तिच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. मशीनच्या बॅटऱ्या मुंबईहून आणायची गरज नाही, माझ्याकडे मिळतात.

तुमचा,
बाजारपेठेतला मेडिकलवाला